शिवेचा नकाशा

माझं लग्न मोडायची वेळ आली होती, आणि कारण काय, तर एक नाला आणि एक वड. मुलाची काही भानगड नाही, पत्रिकेत खोट नाही, देण्याघेण्याची कुरबुर नाही. नाला! मैत्रिणींना सांगायचीसुद्धा लाज वाटायची. मोनाली तर फोनवर इतकी हसली, की मी फोन कट केला आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

मी मयुरी. गाव निंबोळे, असोद्याच्या पुढे. जळगावला एका शाळेत शिकवते, रोज एसटीनं जाते-येते. आणि आधीच सांगून ठेवते, मी तापट आहे. हितेंद्रला हे माहीत आहे आणि तरी तो लग्नाला तयार आहे, म्हणजे माणूस एक तर फार चांगला किंवा फार भोळा. तो करंजवेलचा, आमच्या अगदी शेजारच्या गावचा. नोकरीला तिकडे नरडाण्याच्या एमआयडीसीत असतो आणि शनिवारी रेल्वेनं घरी येतो. दोन्ही गावांच्या केळीच्या बागा एकमेकींना खेटून आहेत. आमची गुरं त्यांच्या बांधावर चरतात, त्यांची पोरं आमच्या विहिरीत पोहतात. इतकं जवळचं स्थळ, म्हणून सगळे खूश होते.

आता आबा. लीलाधर आबा, माझे आजोबा. मी दुसरीत होते तेव्हा बाबा गेले. आई शेतात, मग माझी वेणी कोण घालणार? आबा घालायचे. एक वेणी जाड, एक बारीक, पण घालायचे. दहावीला मला सायकलवर डबलसीट बसवून परीक्षेला नेलं त्यांनी, आणि पेपर संपेपर्यंत शाळेच्या फाटकाशी उन्हात उभे. मी पहिल्या दिवसापासून सांगून टाकलं होतं, की आबा मांडवात नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाही. हे मी रागात बोलले नव्हते. खरंच बोलले होते.

साखरपुड्याच्या पंगतीत घोळ झाला. वरणबट्टी झकास जमली होती, वांग्याच्या भाजीवर दोन्हीकडची मंडळी ताव मारत होती. हितेंद्रचे आजोबा, रुपचंद नाना, बोटं चाटत म्हणाले, "लीलाधर, वरात तर पायीच येईन. गाव दोन पावलांवर. मंग आम्हाले सामोरं कोठी येशीन?"

पूर्वी नवरदेवाची वरात मुलीच्या गावाच्या शिवेवर थांबायची. मुलीकडचा वडीलधारा तिथं जाऊन कुंकू लावायचा, नारळ द्यायचा, व्याह्याला मिठी मारायचा आणि मग मानानं गावात घेऊन यायचा. आता हे सगळं मंगल कार्यालयाच्या गेटवरच उरकतात. पण नानांना पायी वरात हवी होती, मग शीव आलीच.

आबा म्हणाले, "कोठी म्हंजे? नाल्यावर. शीव तठीच हाये."

"नाल्यावर?" नानांनी बट्टी ताटात ठेवली. "शीव वडापाशी हाये. माह्या बापानं दाखोयेल हाये मले."

वड आणि नाला यांच्यात अर्धा कोस अंतर. नाला आमच्या बाजूला, वड त्यांच्या. नानांच्या हिशेबानं वडापासून पुढे निंबोळे सुरू होतं, म्हणजे आबांनी वडापर्यंत सामोरं यायचं. आबांच्या हिशेबानं नाल्यापलीकडे सगळं करंजवेल, म्हणजे वडापर्यंत जाणं म्हणजे दुसऱ्याच्या गावात शिरून 'आमची पोर घ्या हो' म्हणत दारोदार फिरणं. आणि नानांच्या मते कोणी घ्यायला न येता नाल्यापर्यंत जाणं म्हणजे आगंतुकासारखं घुसणं. गंमत बघा, एरवी भाऊबंद वीतभर बांधासाठी कोर्टात जातात, आणि हे दोघं अर्धा कोस जमीन एकमेकांच्या गळ्यात मारायला भांडत होते.

शब्दाला शब्द वाढला. शेवटी आबा पानावरून उठले. "नाल्याच्या पल्याड व्याह्याले सामोरं जायाले माहा पाय पडनार नही. लिहून घ्या!" नानाही उठले. "सामोरं कोणी आलं नही, तं वरात वडापासून माघारी. तुमीबी लिहून घ्या!" आणि ताटातली बट्टी तशीच. आई पदराआड रडायला लागली आणि मी भाजीचा डाव हातात घेऊन उभी. कोणाला हाणू तेवढं ठरत नव्हतं.

हितेंद्रनं आधी फोनवरचा नकाशा दाखवून पाहिला. त्यात आमच्या भागात काय होतं? त्याच्या चुलतभावानं टाकलेलं 'किंग ऑफ केळी फार्म' आणि बंद पडलेला एक पेट्रोलपंप. शीव नाहीच. तलाठ्याकडे जावं, तर तलाठी निघाला नानांच्या साडूचा जावई. आबा म्हणाले, त्याचा कागद मले चालत नही. मग आमच्या आमदारांच्या ओळखीचा कोणी मोजणीवाला आणू म्हटलं, तर तो नानांना चालेना.

"विद्यापीठ चालेल का?" हितेंद्रनं विचारलं. "तिथल्या लायब्ररीत जुने नकाशे आहेत म्हणे. तिथं ना तुमचा कोणी, ना आमचा."

मग आबा म्हणाले, विद्यापीठाचा कागद निघाला तर मी मानीन. नाना म्हणाले, मीबी. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं.

शनिवारी आम्ही दोघं जळगावच्या विद्यापीठात गेलो. ती टेकडी, ते मोठमोठे रस्ते, अर्ध्यात पोचेपर्यंत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. ग्रंथालयात मासिकांच्या पलीकडे एका खोलीवर 'नकाशा विभाग' अशी पाटी होती आणि पाटीखाली कुलूप होतं.

किल्ली दिपमाला मॅडमकडे होती. बारीक चष्मा, कडक इस्त्रीची साडी. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पेन उघडलं. "विषय?"

"लग्न," मी म्हणाले.

"विवाहसंस्थेवर संशोधन आहे का?"

"नाही हो मॅडम, माझं लग्न. ह्याच्याशी." मी हितेंद्रकडे बोट केलं. त्यानं बिचाऱ्यानं नमस्कार केला. मग मी सगळी कहाणी सांगितली, वरणबट्टीसकट. मॅडम एकदाही हसल्या नाहीत. फक्त शेवटी म्हणाल्या, "मी इथं नऊ वर्षं आहे. नकाशा खरोखर वापरायचाय म्हणून आलेले तुम्ही पहिलेच. बाकीचे प्रोजेक्टला फोटो काढायला येतात." आणि स्वतः उठून कुलूप काढलं.

आमच्या मागोमाग लोटनभाऊ आत आले. मूळचे धुळ्याकडचे, त्या खोलीचे मदतनीस. पोट थोडं पुढे, आवाज खणखणीत, बोली पक्की अहिराणी. "काय जोयजे ताई? नकाशा? बठ्ठा आठेच शेतस! लांब त्या कपाटमा, आखूड या कपाटमा." म्हणजे सगळे नकाशे इथंच.

"लांब-आखूड?" हितेंद्र म्हणाला. "म्हणजे जिल्ह्याप्रमाणे नाही लावलेले?"

"लांबीप्रमाणे," मॅडम तोंड वाकडं करून म्हणाल्या. "माझ्या बदलीआधीची व्यवस्था आहे. मी सुट्टीवर गेले की हे परत तशीच लावतात."

"कपाटनं दार लागाले जोयजे ना मॅडम," लोटनभाऊ शांतपणे म्हणाले. मला तर ते पटलं.

नकाशा शोधायचीही एक रीत असते, हे मला त्या दिवशी कळलं. मी आपली 'निंबोळ्याचा नकाशा द्या' म्हणून मोकळी झाले होते. मॅडमनी भिंतीवरचा मोठा तक्ता दाखवला. सगळा देश चौकोनांत कापलेला, प्रत्येक चौकोनाला आकडा. आपलं गाव कोणत्या चौकोनात येतं ते आधी शोधायचं, मग त्या आकड्याचा कागद मागायचा. "जळगावपासून सुरू करा," मॅडम म्हणाल्या. मी जळगावावर बोट ठेवलं, तिथून वर यावलकडे सरकवलं. ४६ ओ, त्यातला बारावा.

"हा आखूडमा व्हई!" लोटनभाऊंनी दोन मिनिटांत गुंडाळी आणून दिली.

टेबलावर कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार जाड ग्रंथ ठेवले, आणि काय सांगू! तापी निळी वळणं घेत गेलेली. असोदा. रेल्वेची काळी रेघ. आणि तिकडे भिंगाखाली, एवढंसं निंबोळे! मी ओरडलेच. आमच्या मारुतीच्या देवळाची खूण होती. ज्या विहिरीत हितेंद्रनं लहानपणी माझ्या दादाची चड्डी लपवली होती, तीसुद्धा निळ्या ठिपक्यानं दाखवलेली होती.

"हा बघ आमचा वड!" हितेंद्र म्हणाला.

"आणि हा आमचा नाला. आता शीव?"

शीव नव्हती. भिंग फिरवून फिरवून माझा हात दुखला. झाडं होती, पायवाट होती, जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या तपकिरी रेघा होत्या. पण शीव नाही ती नाहीच.

"मिळणारच नाही," मॅडम म्हणाल्या. "या नकाशात जमिनीवर जे डोळ्यांना दिसतं ते असतं. शीव कधी कोणी डोळ्यांनी पाहिली आहे का?"

"मग मघाशी का नाही सांगितलंत?" मी भडकले.

"तुम्ही इतक्या आनंदानं बघत होतात." आणि पहिल्यांदा त्या किंचित हसल्या. "तुम्हाला गावांच्या हद्दींचा तालुक्याचा नकाशा हवा. महसुलाचा. लोटनभाऊ, तो कुठंय?"

"तो लांबमा."

लांबचं कपाट मोडक्या खुर्च्यांच्या मागे होतं. हितेंद्र आणि लोटनभाऊंनी खुर्च्या उपसल्या, मी चपलेविना उभी राहून सूचना दिल्या. शेवटी कापडावर चिकटवलेली एक पुरुषभर गुंडाळी बाहेर आली. ती टेबलावर मावेना. दोन टेबलं जोडली.

या नकाशात झाडबिड काही नव्हतं. नुसत्या तुटक रेघा आणि रेघांच्या आत गावांची नावं. मॅडमनी आम्हाला कोपऱ्यातली चौकट आधी वाचायला लावली. तुटक रेघ म्हणजे गावाची हद्द, ठिपके-रेघ म्हणजे तालुक्याची. मग पुन्हा भिंग. करंजवेल सापडलं. निंबोळे सापडलं. मी आमच्या गावाच्या रेघेवरून बोट फिरवत वर गेले. हितेंद्र त्यांच्या रेघेवरून खाली आला. म्हटलं, आता बोटाला बोट लागेल आणि तिथंच शीव.

लागलं नाही. मधे जागा उरली. वांग्याच्या आकाराचा एक तुकडा, चहूबाजूंनी स्वतःची तुटक रेघ असलेला. आत नाव होतं, खिरवाडे. नावापुढे कंसात 'बे.'

"हे काय आता?" मी म्हणाले.

"बेचिराख," मॅडम वाकून म्हणाल्या. "गाव होतं, उठून गेलं. एकही चूल पेटत नाही, पण कागदावर गाव जिवंत असतं. त्याला हद्द असते, जमीन असते, नाव असतं. फक्त माणूस नसतो."

त्यांनी आधीचा लहान नकाशा शेजारी ठेवून दोन्हींतलं अंतर पट्टीनं जुळवून दाखवलं. प्रत्येक नकाशाच्या खाली त्याचं माप दिलेलं असतं, ते आधी बघायचं. मी अर्धवट ऐकत होते, कारण मला दिसत होतं ते भलतंच होतं. नाला खिरवाड्यात होता. वडही खिरवाड्यातच होता. निंबोळ्याची शीव नाल्याच्याही अलीकडे, करंजवेलची वडाच्याही पलीकडे. दोन्ही म्हातारे चूक होते!

हितेंद्र इतका हसला की लोटनभाऊंनी 'शांतता राखा' ही पाटी त्याच्यासमोर आणून ठेवली. मला मात्र रडू फुटलं. आधी एका शिवेवर भांडण होतं, आता दोन शिवा झाल्या. घरी हे कसं सांगायचं? फोटो काढून नेला तर आबा म्हणणार, मोबाईलमधे तं कायबी दिसते. आणि तो कागद बाहेर न्यायची परवानगी नव्हती.

"आजोबांनाच घेऊन या," दिपमाला मॅडम म्हणाल्या. "दोघांनाही."

सोमवारी दोघं आले. मी शाळेत रजा टाकली. एकाच रिक्षात बसून आले, पण आबा उजवीकडे बघत होते आणि नाना डावीकडे. ग्रंथालयाच्या दारात दोघांनी चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. पाटी वाचून नानांनी तर आतल्या पुस्तकांना हातही जोडले.

नकाशाजवळ येताच आबांच्या कपाळाला आठी पडली. "आमचं गाव खाली काहून?"

"वरपक्ष वरच असते," नाना मिशीतल्या मिशीत हसले.

"आबा, उत्तर दिशा वर असते कागदावर," मी म्हणाले.

"उत्तर उत्तरेकडं असते पोरी. वर आभाळ असते." आणि त्यांनी सरळ नकाशाचं टोक उचललं. मॅडमच्या तोंडून बारीकशी किंकाळी निघाली. आबा म्हणाले, घाबरू नका माय, फाडत नही, खाली घेतो. खिडकीतून ऊन कुठून येतंय ते त्यांनी पाहिलं. नानांनी दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून तो भला मोठा कागद फरशीवर असा वळवून ठेवला, की कागदावरचं करंजवेल खऱ्या करंजवेलच्या दिशेला आणि निंबोळे निंबोळ्याच्या. मग आबा आपल्या गावाच्या बाजूला मांडी घालून बसले, नाना आपल्या. जसे काही आपापल्या ओट्यावर बसलेत. मॅडम क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग साडी सावरून यावलच्या बाजूला बसल्या.

मी भिंग दिलं. आबांनी ते डोळ्याला न लावता लांब धरलं, पण वाचलं सगळं. नाला कुठं, वड कुठं, मॅडमनी एकेक जागा दाखवली. नानांनी बोटानं आपल्या शिवेची रेघ दोनदा फिरवली.

"नकाशा खोटा हाये," आबा म्हणाले.

"बिलकूल खोटा," नाना म्हणाले.

साखरपुड्यानंतर दोघांचं पहिल्यांदाच मनापासून एकमत झालं. मला इतका आनंद झाला, की नकाशा खोटा निघाला असता तरी चाललं असतं. पण मॅडम कसल्या ऐकतात! त्यांनी लोटनभाऊंना जिल्ह्याचाही नकाशा काढायला लावला. त्यातही खिरवाडे, त्यातही 'बे.'

आबांनी नाल्याच्या जागेवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे माही नाल्यावरची बाग..."

"खिरवाड्यात," मॅडम म्हणाल्या.

"जनमभर मी दुसऱ्याच्या गावात पाणी देऊन राह्यलो?"

"मीबी लीलाधर," नाना म्हणाले. "माहा वडाखालचा मळा."

वाटलं, आता दोघं हसतील आणि सुटेल. कसलं काय. नानांनी गुडघ्यावर हात ठेवले. "मंग आता सामोरं कोण येईन? तुही शीव तठी संपली, माही अठी. मधात पूरं गाव पडलं."

"माह्या शिवेच्या बाहेर मी येनार नही," आबा म्हणाले. "बोललो ते बोललो. आता तं नकाशानंबी सांगतलं, तठून पुढं माहं गाव नही."

"मंग वरात बी येनार नही."

"नका आणू! त्या खिरवाड्याच्या पाटलालेच पाठवा म्हनावं सामोरं!"

आणि आबा उठायला लागले. खरंच उठायला लागले. एक हात फरशीवर, एक हात गुडघ्यावर. आणि माझं डोकं फिरलं.

"बसा खाली!" मी ओरडले. आयुष्यात आबांवर कधी आवाज चढवला नव्हता. पलीकडच्या खोलीतली पोरं दारात गोळा झाली. "खिरवाड्याचा पाटील हवाय ना? मी आहे! त्या गावात कोणी नाही म्हणता ना, आजपासून आहे. मी आणि हितेंद्र. आम्ही खिरवाड्याचे यजमान, आणि तुम्ही दोघं पाव्हणे. तुम्ही कोणी कोणाला सामोरं जायचं नाही. तुम्ही तुमच्या गावाहून या, नाना त्यांच्या गावाहून येतील, आणि तुम्हा दोघांना आम्ही घेऊ. कुंकू आम्ही लावू, नारळ आम्ही देऊ. जमत असेल तर या. नाही तर राहा आपापल्या ओट्यावर बसून, मी जन्मभर शाळेत फळा पुसत राहीन!"

बोलताना माझा आवाज फुटला, ते मला आवडलं नाही. हितेंद्र माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. लोटनभाऊंनी 'शांतता राखा'ची पाटी उचलली आणि उलटी करून परत ठेवली.

नानांनी डोकं खाजवलं. "लग्नाआधी नवरी-नवरदेव संगं उभं राहून पाव्हणे घेतात? असं कोण्या गावात होते?"

"खिरवाड्यात," मी म्हणाले.

मॅडम पहिल्या हसल्या. मग नाना. नानांचं पोट हलायला लागलं, तर थांबेना. आबा मात्र हसले नाहीत. ते कागदावरच्या त्या वांग्याएवढ्या तुकड्याकडे बघत होते. जाताना एवढंच म्हणाले, "पाहू." आबांचं 'पाहू' म्हणजे काय, हे मला चोवीस-पंचवीस वर्षांत कळलेलं नाही. लग्नापर्यंत मला नीट झोप लागली नाही.

लग्नाच्या दिवशी मी हळदीच्या अंगानं, शालू सावरत, खिरवाड्यात उभी होते. नाला आणि वड यांच्या मधे, नाल्यापासून हाकेच्या अंतरावर, केळीच्या बागेच्या कडेला. हितेंद्र फेट्यात. आईनं औक्षणाचं ताट दिलं होतं, पाण्याचा तांब्या दिला होता. कडेला दिपमाला मॅडम होत्या. लोटनभाऊ जळगावहून सकाळीच आले होते आणि नकाशावरून माप घेऊन दोन्ही शिवांवर त्यांनी चुना टाकला होता. वडाकडून नानांचा बँड वाजत आला. नाना नाचत नाचत चुना ओलांडून, वड ओलांडून थेट आमच्यासमोर. मी कुंकू लावलं, हितेंद्रनं नारळ दिला. नाना म्हणाले, "खिरवाड्याची व्यवस्था चांगली हाये."

निंबोळ्याकडचा बँडही वाजत आला, आणि नाल्याच्या निंबोळ्याकडच्या काठाशी थांबला. आबा पुढे होते. नवं धोतर, पांढरी टोपी. काठावर उभे राहिले ते राहिलेच. बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वाजवणं सोडलं. सगळ्या गावासमोर ते बोलले होते, आणि आता सगळं गाव मागे उभं होतं. म्हटलं, देवा, नाही आले तर?

"आबा," मी हाक मारली, "या. खिरवाड्यात या."

"मी सामोरं नही येऊन राह्यलो," आबा मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"नाही आबा. तुम्ही पाव्हणे आहात."

त्यांनी धोतर वर धरलं आणि नाला उतरले. कोरडाच होता, पण चढताना त्यांना जड गेलं. हितेंद्र पुढे धावणार होता, नानांनी त्याला दंड धरून थांबवलं. आबा एकटेच आले. मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात ताटात अडकलेले. त्यांनी आपल्या उपरण्यानं माझे गाल पुसले.

"मी तुले द्यायाले निंघालो होतो माय," ते म्हणाले, "अन् तूच मले घ्यायाले उभी राह्यली."

नानांनी पुढे होऊन आबांना मिठी मारली, आणि दोन्ही बँड एकदम सुरू झाले, वेगवेगळी गाणी घेऊन.

त्या गोंधळात आबांनी तांब्याकडे बोट दाखवलं. माझ्या आत्याच्या सासरी आबांनी आजवर कधी पाण्याचा घोट घेतलेला नाही. लेक दिली त्या गावचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. आत्या दरवेळी रडते, हे दरवेळी तहानलेले परत येतात. मी घाबरून विचारलं, "आबा, चालेल?"

"तुह्या गावचं हाये," ते म्हणाले. "दे." आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला.